चक्रीवादळानंतर कोकणात सावरायला किती दिवस लागतात? आणि समुद्रापासून लांबच्या गावांना पूर का येतो?

तुमचं आजोळ श्रीवर्धनकडचं. 2024 मध्ये अमेरिकेत हेलेन वादळाने डोंगरातलं ॲशव्हिल बुडवलं हे वाचून तुम्ही विचारताय, की आपल्याकडे असं होईल का आणि झालंच तर सावरायला किती दिवस लागतील. त्यातला ‘दिवस’ हा शब्द आधी खोडा.

आमचं गाव दापोली तालुक्यात, केळशीजवळ. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ दिवेआगर-श्रीवर्धनच्या बाजूला किनाऱ्यावर चढलं. आम्ही त्याच्या दक्षिणेला. सकाळी वारा डोंगराकडून होता, दुपारी फिरला आणि समुद्राकडून आला. एका अंगाने मुळं ढिली झालेल्या झाडाला दुसऱ्या अंगाने लोटल्यावर ते उभं कसं राहणार? वीस गुंठ्यांची नारळी-पोफळीची वाडी संध्याकाळपर्यंत आडवी झाली. जी झाडं उभी होती त्यांचा पाला खाऱ्या वाऱ्याने भाजल्यासारखा काळा पडला होता.

आधी पुराचं सांगतो. बाष्पाने भरलेला वारा डोंगराला अडतो, वर चढतो, थंड होतो आणि तिथेच रिता होतो. तिकडे ब्लू रिजची डोंगररांग, इकडे सह्याद्री. ॲशव्हिलला वादळ पोचण्याआधीच पावसाने जमीन भरलेली होती, म्हणून पडलेलं सगळं पाणी नदीतच आलं. आपल्याकडे अरबी समुद्रात वादळं होतात ती बहुतेक मे-जूनमध्ये, नाहीतर ऑक्टोबरनंतर. भर पावसाळ्यात खालचा वारा पश्चिमेकडून आणि उंचावरचा पूर्वेकडून वाहतो, त्यामुळे वादळाचा खांब सरळ उभाच राहत नाही. निसर्ग आलं तेव्हा जमीन तहानलेली होती. वहाळांनी पाणी रिचवलं. वारा मात्र घाट चढून गेला आणि जुन्नर-आंबेगावच्या डोंगरातला आदिवासींचा हिरडाही झोडून गेला.

चिपळूणचा 22 जुलै 2021 चा पूर लोक सर्रास ‘वादळात’ जमा करतात, ते चूक आहे. तौक्ते वादळ मे महिन्यातच गुजरातला गेलं होतं. जुलैचा पूर निव्वळ पावसाळी: घाटात कोसळलेला पाऊस, आखूड आणि उताराची वाशिष्ठी, तिच्या पात्रातला गाळ आणि खाडीकडून भरती. माझ्या ताईचं तिथे बाजारपेठेत दुकान आहे. आम्ही तिसऱ्या दिवशी पोचलो आणि तिथेच चुकलो. पाणी उतरत असतानाच त्याच पाण्याने गाळ बाहेर लोटायचा असतो. सुकला की झाडू चालत नाही, फावडं लागतं, आणि शटरच्या खाचेत बसलेला गाळ तर छिन्नीने काढावा लागला. पण पुराचं एक बरं (ताईला हे आवडणार नाही), दुकान दिवाळीला उघडलं. वाडी दिवाळीला उघडत नाही.

घराचं थोडक्यात सांगतो. कौलं उडाली, ताडपत्री घातली, लॉकडाऊनमुळे ना गवंडी मिळेना ना पत्रे, वीज महिन्याने आली. गणपतीपर्यंत छप्पर झालं. चाकरमानी आले, ‘चला, सावरलात’ म्हणाले. मागच्या दारी जाऊन कोणी बघितलं नाही.

मागच्या दारी पोफळी काडीसारख्या मोडून पडल्या होत्या. नारळ मुळासकट उपटले होते. कटरवाला झाडामागे पैसे सांगायचा, म्हणून बाबांनी नारळाचे ओंडके कुंपणाशी लोटून ठेवले. कुजतील, खत होईल म्हणून. कुजले खरे, पण त्यात गेंड्या भुंग्याची पैदास झाली आणि वादळातून वाचलेल्या माडांचे शेंडे त्याने पोखरले. ही चूक तुम्ही करू नका. ओंडका फाडा, जाळा, वाटेल ते करा, पण वाडीत कुजू देऊ नका. दुसरं, माड गेल्यावर सावली गेली. पोफळीच्या खोडाला दुपारचं पश्चिमेचं ऊन सोसत नाही. साल भाजते, भेगा पडतात. वादळाने सोडलेल्या सतरा-अठरा पोफळी पुढच्या दोन उन्हाळ्यांत अशा गेल्या. खोडाला झापं (माडाच्या विणलेल्या झावळ्या) बांधायची हे आम्हाला उशिरा सुचलं. जायफळाची दोन झाडंही सावलीवाचून वाळली. म्हणून नवीन रोपांआधी केळी लावा, निदान सावली तरी लवकर होते.

आणि हिशेब बघा. पोफळ धरायला सहा-सात वर्षं, माडाला त्याहून थोडी जास्तच. सरकारने फळबागांची मदत हेक्टरी 18 हजारांवरून 50 हजार केली. ऐकायला मोठी वाटते. वीस गुंठ्यांचे होतात दहा हजार. कोकणात वाडी हेक्टरवर मोजतो कोण? इथे माणूस झाडं मोजतो. ओरड झाल्यावर मदत झाडावर आली, पोफळीला 50 रुपये आणि नारळाला 250. एक नारळ तोडून बाहेर काढायलाच त्याहून जास्त लागले.

तेही पैसे हातात यायला आणखी एक घाट होता. आमच्या सात-बाऱ्यावर सतरा नावं. तलाठी भाऊसाहेब म्हणाले, “पंचनामा झाला, पण सामाईक क्षेत्र आहे, संमतीपत्रं आणा.” सतरापैकी चार मयत, त्यांची वारसनोंद झालेली नाही. एक चुलत आत्या बडोद्याला, एक काका वीस वर्षं कोणाशी बोललेले नाहीत. मी त्यांच्या दारात जाऊन उभा राहिलो. त्यांनी चहा दिला, सही दिली नाही. “आधी वाटणी करा, मग बघू,” म्हणाले. पैसे बाबांच्या खात्यात आले ते पुढच्या पावसाळ्यात, आणि तेही त्यांच्या हिश्शापुरतेच.

वादळानंतर लावलेल्या पोफळींपैकी काहींना यंदा पहिली पोय (फुलोरा) आली आहे. माडांना अजून नाही.

तुमच्या आजोळच्या घराचा आणि वाडीचा सात-बारा आज ऑनलाइन दिसतो. बघून घ्या, किती नावं आहेत आणि त्यातली हयात किती.