अपस्माराची शस्त्रक्रिया आणि भाषा : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझ्या यजमानांच्या मेंदूच्या डाव्या बाजूवर चार वर्षांपूर्वी अपस्मारासाठी शस्त्रक्रिया झाली. फिट्स थांबल्या, पण ओळखीच्या माणसांची नावे ऐनवेळी आठवत नाहीत. एवढ्या काळानंतर सुधारणा होईल का? – एक भगिनी, जुळे सोलापूर

उत्तर : होऊ शकते, मात्र तिचा वेग पहिल्या वर्षासारखा नसतो. या शस्त्रक्रियेत बहुधा कानशिलाच्या आतल्या टेम्पोरल लोबचा पुढचा भाग आणि हिप्पोकॅम्पस (स्मरणाशी निगडित भाग) काढतात. डॉक्टर ब्रोका यांनी १८६१ मध्ये व डॉक्टर वेर्निके यांनी १८७४ मध्ये वर्णन केलेली भाषेची केंद्रे त्या भागाच्या वर आणि मागे असल्याने ती सहसा सुरक्षित राहतात. म्हणूनच अशा रुग्णांची वाक्ये नीट असतात आणि अडते ते नामांपाशी, त्यातही विशेषनामांपाशी, कारण चेहऱ्याला नाव जोडण्यात त्या पुढच्या टोकाचा मोठा वाटा असतो. तो भाग गेल्यावर उरलेले मार्ग कामाला लागतात. एमआरआयने मज्जातंतूंच्या जुळणीचा अभ्यास केला असता शस्त्रक्रियेनंतर डावीकडचेच काही मार्ग अधिक सुसंघटित झाल्याचे, आणि ज्यांच्यात हे घडले त्यांची भाषा अधिक चांगली टिकल्याचे आढळले आहे. फिट्स थांबलेल्या असणे हीही या जुळवाजुळवीला अनुकूल गोष्ट आहे.

एक गोष्ट मात्र आधी तपासावी. टोपिरामेट हे औषध चालू असेल तर शब्द न सुचणे हा त्याचाही परिणाम असू शकतो. सारा दोष शस्त्रक्रियेच्या माथी मारण्यापूर्वी औषधांची यादी न्यूरॉलॉजिस्टना दाखवावी. गोळी परस्पर बंद करू नये.

प्रश्न : मुलाला तिसऱ्या वर्षापासून फिट्स येत होत्या. सव्विसाव्या वर्षी डावीकडे शस्त्रक्रिया झाली. आता फंक्शनल एमआरआयमध्ये (काम करताना मेंदूचा कोणता भाग सक्रिय होतो ते दाखवणारा स्कॅन) भाषेचे काम उजवीकडे दिसते. मेंदूने शस्त्रक्रियेनंतर नवी व्यवस्था केली, असे समजावे का? – एक वाचक, बार्शी

उत्तर : केवळ आत्ताच्या चित्रावरून तसे म्हणता येणार नाही. डाव्या बाजूला इजा किंवा फिट्स लहानपणीच सुरू झाल्या असतील, तर एरवी बहुधा डावीकडे असणारी भाषा शस्त्रक्रियेच्या कितीतरी आधीच अंशतः किंवा पूर्णपणे उजवीकडे गेलेली असू शकते. शिवाय निरोगी डावखुऱ्या व्यक्तींतही बऱ्याच जणांची भाषा उजवीकडे किंवा दोन्हीकडे असते. म्हणून शस्त्रक्रियेपूर्वीचा स्कॅन शोधून दोन्हींची तुलना करून घ्यावी.

रंगीत चित्र पाहून हुरळून जाऊ नये, असेही मी सांगेन. मोठ्या वयात डावीकडे शस्त्रक्रिया झालेल्यांमध्ये उजवी बाजू अधिक उजळलेली दिसली, तरी ती मदत पुष्कळदा तोकडी पडते. डाव्या हिप्पोकॅम्पसचा उरलेला मागचा भाग कामात घेणाऱ्यांची भाषा अनेकदा अधिक सक्षम राहते. चित्रे दाखवून नावे विचारण्याच्या चाचणीत मुलगा काय करतो, याला स्कॅनपेक्षा अधिक वजन द्यावे.

प्रश्न : आम्ही सोलापूरच्या पूर्व भागात राहतो. घरात तेलुगू, बाहेर मराठी. शस्त्रक्रियेनंतर बहिणीची तेलुगू ठीक आहे, मराठी शब्द अडतात. नातेवाईक म्हणतात, आता एकच भाषा ठेवा.

उत्तर : तसे करण्याचे कारण नाही. ओजेमन आणि व्हिटेकर या संशोधकांनी १९७८ मध्ये दोन द्विभाषिक रुग्णांच्या मेंदूच्या पृष्ठभागावर सौम्य विद्युतप्रवाह देऊन नावे विचारली, तेव्हा काही जागी दोन्ही भाषा अडल्या, तर काही जागी एकच. त्यामुळे एक भाषा दुसरीपेक्षा अधिक अडणे अस्वाभाविक नाही, आणि अडलेली भाषा वापरातून काढल्यास तिचा सरावच बंद होतो. वाचा-उपचारतज्ज्ञांना नावे विचारण्याच्या चाचणीतील तीच चित्रे दोन्ही भाषांत विचारण्याची विनंती करावी. केवळ मराठीत चाचणी घेतली तर बहिणीचे नुकसान आहे त्याहून मोठे वाटेल, आणि केवळ तेलुगूत घेतली तर ते दिसणारच नाही. शब्द अडला की लगेच पुरवू नये. थोडे थांबून पहिले अक्षर सुचवावे, आणि तरीही न जमल्यास तिने तोच शब्द तेलुगूत सांगून पुढे बोलावे.