शब्दशंका : गाडी नक्की कुणाला लागली?

प्रश्न : माझी सून तमिळ आहे, मराठी नेटानं शिकतेय. परवा स्टेशनवर मी म्हणाले, "चल, गाडी लागली." तिनं लगबगीनं पर्समधून आवळासुपारी काढून माझ्या हातावर ठेवली! आता ती विचारते, संसाराचा 'गाडा' का? 'गाडी' का नाही?
— एक सासूबाई, मिरज

उत्तर : सूनबाईंचं काही चुकलं नाही. गाडी फलाटाला लागते, आणि घाटात माणसालाही लागते. तुम्ही 'फलाटाला' गाळलंत, तिनं सुपारी काढली.

आता गाडा. लोटा मोठा, लोटी लहान. सुरा मोठा, सुरी लहान. तसाच गाडा मोठा, ओझ्याचा. म्हणून संसाराचा काय, राज्याचा काय, गाडा ओढायचा किंवा हाकायचा असतो. 'संसाराची गाडी'ही म्हणतात, पण ती बरी चाललेली असते. ओढणाऱ्याच्या तोंडी गाडाच येतो. 'गाडी रुळावर आली' हे मात्र आगगाडीचं देणं. बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली १६ एप्रिल १८५३ रोजी. त्याआधी बिघडलेला मुलगा कुठल्या रुळावर आणणार?

माझा जीव मात्र 'गाड्याबरोबर नळ्याला यात्रा' या म्हणीत अडकलाय. शाळेत असताना मला वाटायचं, हा पाण्याचा नळ. आजोबांनी एकदा मानेला धरून बैलगाडीखाली वाकायला लावलं. साट्याखाली बांबूचा एक तेलकट, काळाकुट्ट नळा लोंबत होता. त्यात वंगण. चाक कुरकुरलं की थांबायचं, आसाला वंगण द्यायचं, पुढे निघायचं. गाडा पंढरीला निघाला की नळाही आयताच निघाला! मोठ्याच्या जिवावर फुकट फिरून येणाऱ्याला ही म्हण लावतात. माझं आणि या म्हणीचं काही पटत नाही. तो नळा नसता तर गाडा वेशीपाशीच रडत बसला असता. पण म्हण करणाऱ्यानं बहुधा कधी खाली वाकून पाहिलं नसावं.

हो, एक राहिलं. घरात 'गाडी काढ' म्हणाल तेव्हा स्कूटर की मोटार, तेवढं सूनबाईंना आधी सांगून ठेवा. दारात दोन्ही असतील तर अस्सल मराठी माणूसही चुकीची किल्ली उचलतो.