सिस्टर कडक आहेत की त्रास देतायत?

नर्सिंगमधल्या मुली माझ्याकडे समुपदेशनाला येतात त्या बहुधा झोप लागत नाही म्हणून. इन्चार्जचा, म्हणजे वॉर्ड सांभाळणाऱ्या सिस्टरचा विषय निघतो दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत, तोही "माझंच काहीतरी चुकत असेल" अशा सुरुवातीनं.

सुजाता (नाव आणि ओळखीचे तपशील बदलले आहेत) जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) करून एका खासगी रुग्णालयात मेडिसिन वॉर्डला लागली होती. शिफ्ट बदलतानाचं हँडओव्हर चालू असताना इन्चार्ज सिस्टर नातेवाइकांसमोर विचारायच्या, "तुला पास कोणी केलं गं?" नाइट लागोपाठ हिच्याच, मागितलेला ऑफ कधीच नाही. डॉक्टरांनी बदललेली ऑर्डर बाकीच्या स्टाफला सांगायची, हिला नाही, आणि राउंडला सगळ्यांदेखत झापायचं. हळूहळू वॉर्डातल्या मावशीही उलट बोलायला लागल्या. कुणाला बोललं तर चालतं, हे त्यांना बरोबर कळतं.

आई म्हणाली, कानाडोळा कर. नवरा म्हणाला, दे सोडून. पण ठरावीक काळ नोकरी न सोडण्याचा बाँड होता आणि मूळ प्रमाणपत्रं रुग्णालयानं ठेवून घेतलेली.

मी तिला विचारलं, "त्या ओरडल्यानंतर पुढच्या वेळी नेमकं काय वेगळं करायचं, ते तुला कळतं का?" बराच वेळ विचार करून ती नाही म्हणाली. माझ्या लेखी फरक इथेच आहे. कडक सिस्टर आवाज चढवतील, पण कॅन्युला (सलाइनसाठी शिरेत घालायची नळी) कशी फिक्स करायची हेही दाखवतील. इथे चूक कुठली ते सांगितलंच जात नव्हतं. "आम्हीपण असंच शिकलो" हे या क्षेत्रात मी इतकं ऐकलंय की आता चीड येते.

मग तिनं एका नाइटचं सांगितलं. हातात ४० युनिटच्या (म्हणजे एका मिलीलिटरमध्ये ४० युनिट) इन्शुलिनची वायल आणि ट्रेमध्ये नारिंगी टोपणाची, म्हणजे १०० युनिटची सिरिंज. आपल्याकडे दोन्ही ताकदीचं इन्शुलिन वापरात असल्यामुळे हा घोळ सहज होतो. ४० च्या वायलला लाल टोपणाची सिरिंज लागते. १०० च्या सिरिंजच्या खुणांवर भरलं तर पेशंटला ठरल्याच्या ४० टक्केच डोस जातो, उलट झालं तर अडीचपट. तिला शंका आली होती. पण वॉर्डातल्या सीनियरला विचारलं की सकाळी इन्चार्जच्या तोंडून सगळ्यांना कळणार, म्हणून ती तशीच उभी राहिली. शेवटी शेजारच्या वॉर्डातल्या ब्रदरला (पुरुष नर्सला) विचारून आली.

इतके दिवस ती "माझा अपमान होतो" म्हणून तक्रार करायला कचरत होती. आता आमच्या हातात वेगळा मुद्दा होता: या वॉर्डात शंका विचारायची भीती वाटते, आणि त्याची किंमत पेशंट मोजू शकतो. मेट्रनना, म्हणजे रुग्णालयातल्या सगळ्या नर्सेसच्या प्रमुखांना, हे टाळता येत नाही.

तिनं वहीत नोंदी ठेवायला घेतल्या. तारीख, शिफ्ट, नेमके शब्द, कोण हजर होतं, कामावर काय परिणाम झाला. पेशंटचं नाव नाही, आणि व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक अक्षरही नाही. सोबत एका वाक्याचा सराव: "सिस्टर, चूक दाखवा, मी लगेच दुरुस्त करते, पण पेशंटसमोर असं बोलू नका." पहिल्या वेळी तिला "सिस्टर"च्या पुढे जाता येईना. वॉर्डात ते म्हणायला काही आठवडे गेले. इन्चार्ज गप्प झाल्या, सुधारल्या मात्र नाहीत.

अंतर्गत समितीकडे जाऊ का, असंही तिनं विचारलं होतं. २०१३ च्या कायद्याखालची ती समिती लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी असते. निव्वळ दादागिरीसाठी आपल्याकडे तसा स्वतंत्र कायदा नाही. जातीवरून शिवीगाळ झाली तर गोष्ट वेगळी, तिथे अनुसूचित जाती-जमातींसाठी अॅट्रॉसिटीचा कायदा आहे. सुजाताच्या बाबतीत वाट मेट्रनकडूनच जात होती. तिनं लेखी अर्ज दिला आणि पोच घेतली. मला विचाराल तर अर्जाइतकीच ती पोच महत्त्वाची.

मेट्रननी इन्चार्जना समज दिली की नाही, तिला कळलं नाही. रोस्टर (ड्यूटीचं वेळापत्रक) मात्र मेट्रन स्वतः तपासू लागल्या, आणि इन्शुलिन देण्याआधी दोघींनी डोस पाहून सही करायची, असं वॉर्डात ठरलं. इन्चार्ज आता हिच्याशी कामापुरतंच बोलतात. सुजाताला तेवढं पुरतं, निदान बाँड संपेपर्यंत. दरम्यान सरकारी भरतीचा अभ्यास चालू आहे, नाइट नसेल त्या दिवशी.