गरोदरपणातील अफूजन्य औषधांमुळे मुलाचा पुढील आयुष्यातील ताण-प्रतिसाद बदलतो का?

खानापूरहून आलेला हा प्रश्न शस्त्रक्रियेनंतर दोन-तीन दिवस घेतलेल्या ट्रॅमाडॉल या अफूसारखा परिणाम करणाऱ्या वेदनाशामकाबद्दल आहे. होय, प्रतिसाद बदलू शकतो; मात्र त्याचा भक्कम पुरावा उंदरांवरील प्रयोगांतला आहे, माणसांतला नव्हे. मॉर्फीनसारखी द्रव्ये वार ओलांडून गर्भापर्यंत पोहोचतात आणि हायपोथॅलॅमस (मेंदूतील एक भाग), पीयूषिका (मेंदूच्या तळाची ग्रंथी) व अधिवृक्क (मूत्रपिंडांवरील) ग्रंथी यांची ताणाला उत्तर देणारी साखळी घडत असतानाच तिच्यावर परिणाम करू शकतात. गाभण उंदीर-माद्यांना गर्भारपणाच्या ११व्या ते १८व्या दिवसांदरम्यान रोज दोनदा मॉर्फीन टोचले असता त्यांच्या संततीत मोठेपणीही ताण-संप्रेरकांचा प्रतिसाद वेगळा आढळला, आणि संततीतील माद्यांमध्ये तो ऋतुचक्राच्या अवस्थेनुसार पालटत होता. त्यामुळे ‘मूल घाबरट होईल’ असे सरधोपट अनुमान काढता येत नाही. माणसांत आईचे तंबाखूसेवन, आहार आणि घरातील ताण यांचा वाटा वेगळा काढणे कठीण असते, आणि निपाणी परिसरात, जिथे विडीकाम व मिशेरी दोन्ही परिचयाची आहेत, तिथे तर अधिकच. आपण विचारले आहे तशा, दोन-तीन दिवसच घेतलेल्या ट्रॅमाडॉलची तुलना या प्रयोगांशी करू नये; परंतु गोळ्या दीर्घकाळ चालू असतील, तर गरोदरपणात त्या स्वतःहून एकदम थांबवणे धोक्याचे असते, म्हणून प्रथम प्रसूतितज्ज्ञांना विचारावे.