वाचकांचे प्रश्न : कोरीव कातड्याच्या क्यू-केस

पूल आणि स्नूकरच्या जोडाच्या क्यू (चेंडू मारायच्या, सुटे भाग जोडून बनणाऱ्या काठ्या) ठेवायच्या जुन्या चामडी केस जमवणारे नाशकात फार नाहीत. पण जे आहेत त्यांची पत्रं मात्र नेमकी असतात. या वेळी आलेल्या पत्रांतली ही निवडक.

मुंबईच्या चोर बाजारात एक अमेरिकन केस पाहिली. अंगभर फुलं-वेली आहेत. विक्रेता ‘सगळं हातकाम’ म्हणतो. साच्यात दाबलेलं काम कसं ओळखावं?
– वाचक, गंगापूर रोड

सराफ वापरतात ते दहापट भिंग खिशात घालून जा आणि संपूर्ण केस बघण्याआधी एकाच पाकळीची कड बघा. हातकामात कातडं ओलं करून, त्याचा मूळ रंग परतू लागला की स्विव्हल नाइफनं, म्हणजे बोटांत फिरणाऱ्या छोट्या सुरीनं, नक्षीची रेघ कापतात. हा खरा काप असतो. त्याच्या कडा धारदार दिसतात आणि खोली सगळीकडे सारखी नसते. रेघ संपताना ती उथळ होत नाहीशी होते. मग कापाच्या एका बाजूनं तिरकस तोंडाचा ठसा हातोडीनं ठोकत नेतात. भिंगाखाली त्या ठोक्यांच्या बारीक पायऱ्या दिसतात. साच्यात किंवा रोलरखाली दाबलेल्या नक्षीला काप नसतोच. सगळ्या कडा गोलसर, खोली एकसारखी.

दुसरी परीक्षा ट्रेसिंग पेपरची. एका फुलाची नक्कल उतरवा आणि तशाच दुसऱ्या फुलावर ठेवा. बाह्यरेषा जुळली तर बिघडत नाही, कारण कारागीरही एकच कागदी नमुना पुन्हा वापरतो. पण पाकळ्यांच्या आतल्या सजावटीच्या रेघा आणि पार्श्वभूमीचे टिपके ठिपक्याला ठिपका जुळले तर तो साचाच. मग शिवण पाहा. हातकाम त्या तुकड्यासाठीच बेतलेलं असतं, त्यामुळे किनार शिवणीच्या आत थांबते. रोलरनं दाबलेल्या कातड्याच्या ताग्यातून तुकडा कापलेला असेल तर फूल शिवणीखाली अर्धं गेलेलं सापडतं.

चटईच्या विणीचं काम असेल तर मात्र फसायला होतं, कारण त्यात एकच ठसा हातानं शेकडो वेळा ठोकलेला असतो आणि प्रत्येक खूण सारखीच दिसते. तिथे किनारीलगत बघा. जागा अपुरी पडते तिथे कारागीर ठसा कलता धरून अर्धीच खूण उठवतो. ही अर्धवट, कडेला विरत जाणारी खूण यंत्राला साधत नाही.

वेली गोल गोल फिरत असतील आणि प्रत्येक गोलात एक फूल बसवलेलं असेल तर ती वायोमिंगमधल्या शेरिडनची खोगीरकामाची शैली. विक्रेते ‘शेरिडन’ म्हणून भाव वाढवतात. शैली कुणालाही उचलता येते, तेव्हा नावाचे पैसे देऊ नका, कापाचे द्या. जॅक जस्टिससारख्या नावाजलेल्या अमेरिकन कारागिराची केस म्हणून कुणी विकत असेल तर झाकणाच्या आत, खिशाखाली किंवा तळाशी शिक्का शोधा.

शेवटी पट्ट्याचं बक्कल सोडून त्याखालचा रंग पाहा. वर्षानुवर्षं झाकलेला भाग उरलेल्या अंगापेक्षा वेगळा दिसायलाच हवा. सगळीकडे एकच रंग असेल तर केस नव्यानं रंगवली आहे, आणि त्या रंगानं कोरीव कामातली मूळची गडद-फिकी छटाही गिळलेली असते. अशी केस वापरायला ठीक, संग्रहाला नको.

जाहिरातीत २×४, १×२ असं लिहितात ते काय? माझी स्नूकरची क्यू त्यात बसेल का?
– वाचक, सिडको

पहिला आकडा बटचा, म्हणजे क्यूच्या हातात धरायच्या जाड भागाचा; दुसरा शाफ्टचा, म्हणजे टोकाकडच्या बारीक भागाचा. २×४ म्हणजे दोन बट आणि चार शाफ्ट.

पूलची क्यू साधारण ५८ इंचांची आणि बरोबर मध्ये जोडलेली असते, म्हणून प्रत्येक भाग २९ इंचांचा आणि केसची नळीही त्याच मापाची. तुमची स्नूकर क्यू मध्ये जोडलेली असेल तर लांबीनं बसेल. फक्त तिचा बट पूलच्या बटपेक्षा किंचित बारीक असल्यानं आत हलेल. तळाशी आणि वर मऊ सुती कापडाची गुंडाळी ठेवा. पण आपल्याकडच्या बऱ्याच स्नूकर क्यू तीन-चतुर्थांश जोडाच्या असतात. त्यांचा लांब भाग ४० इंचांच्या वर जातो. तो कुठल्याही पूल-केसमध्ये बसणार नाही.

जुन्या केसच्या नळ्यांचं माप घेण्याचा सोपा उपाय म्हणजे प्लंबिंगच्या दुकानातला ३२ मिमी पीव्हीसी पाइपचा वीतभर तुकडा. त्याचा बाहेरचा व्यास ३२ मिमी असतो आणि पूलच्या बटचा जाड शेवटही जवळपास तेवढाच. कडा पॉलिश पेपरनं घासून गोल करा, नाहीतर आतलं अस्तर फाटेल. तुकडा दोरीला बांधून अलगद सोडा. मध्येच अडकला तर अस्तर सुटून गोळा झालंय किंवा आतला फोम चिकट झालाय. जुना पॉलियुरेथेन फोम दमट हवेत विघटन पावतो. आधी चिकट होतो, मग त्याचा भुगा पडतो आणि शाफ्टवर डाग बसतात. त्यावर इलाज नाही. फोम काढून नवं अस्तर घालावं लागतं, आणि ती किंमत घासाघीस करतानाच धरा.

ऑगस्टमध्ये केसवर पांढरी बुरशी आली. पुसली, उन्हात ठेवली, मग कातडं कोरडं वाटलं म्हणून खोबरेल तेल लावलं. आता डिसेंबरात पुन्हा सगळीकडे पांढरं आलंय. बुरशी जात का नाही?
– वाचक, नाशिकरोड

डिसेंबरातलं पांढरं बहुधा बुरशी नाहीच. खोबरेल तेल साधारण २४ अंशांखाली गोठतं आणि नाशिकची थंडी त्याला पुरेशी आहे. कातड्यात जिरलेलं जास्तीचं तेल पृष्ठभागावर येऊन थिजतं. खात्री करायची तर हेअर ड्रायर सगळ्यात मंद करून एक वीत अंतरावरून दहा-पंधरा सेकंद फिरवा. पांढरं वितळून दिसेनासं झालं तर ते तेल. तसंच राहिलं तर बुरशी. बुरशी ठिपक्या-ठिपक्यांनी येते, भिंगाखाली तंतू दिसतात आणि कुबट वास असतो. तेल एकसारखं, पिठासारखं पसरतं.

तेल असेल तर असंच थोडं थोडं ऊबवून धुतलेल्या मऊ सुती कापडानं टिपत जा. एका बैठकीत सगळं निघणार नाही. कोरीव रेघांतलं टिपायला कापसाचा बोळा काडीला गुंडाळा.

ऑगस्टमधली मात्र बुरशीच. हवेतली आर्द्रता ६५-७० टक्क्यांच्या वर राहिली की ती येणारच, आणि पावसाळ्यातले आपले आठवडे तसेच असतात. नाकाला मास्क लावून, घराबाहेर, मऊ ब्रशनं कोरडीच झटका. ओल्या फडक्यानं पुसलं की बीजाणू रेघांत दाबले जातात आणि कातड्याला पाणीही मिळतं. वास राहिलाच तर ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलनं जेमतेम दमट केलेला बोळा फिरवा. त्याआधी झाकणाच्या आतल्या बाजूला रंग निघतो का पाहून घ्या. मग नळ्या उघड्या ठेवून पंख्याच्या वाऱ्यात दोन-तीन दिवस. ऊन नको. झाडाच्या सालीनं कमावलेलं कातडं उन्हात आकसतं, आणि ते आतल्या नळ्यांवर ताणून बसवलेलं असल्यानं आधी शिवणीशी तडकतं.

पुढच्या पावसाळ्यासाठी घट्ट झाकणाचा डबा, एक छोटा डिजिटल आर्द्रतामापक आणि १०० ग्रॅम सिलिका जेल. नारिंगी घ्या, निळ्यात अपायकारक कोबाल्ट क्लोराइड असतं. नारिंगी दाणे हिरवट झाले की ओव्हनमध्ये १२० अंशांवर दोन तास सुकवून पुन्हा वापरा. मापक ४५ ते ५५ टक्क्यांत राहू द्या. त्याखाली गेलं तर दाणे कमी करा, कारण फार सुकलेलं कातडंही तडकतं. केस डब्यात जाताना पूर्ण कोरडी हवी. ओल आत कोंडलीत तर डबाच बुरशीचा कारखाना होईल. डांबरगोळ्या टाकू नका.

मग तेल लावायचं तरी कधी?
– त्याच पत्राचा ताजा कलम

आम्ही तर म्हणतो, संग्रहातल्या केसला जवळजवळ कधीच नाही. वाकवलं की करकरणाऱ्या पट्ट्याला नीट्सफूट तेलाचे (गुरांच्या पायांच्या हाडांपासून काढलेल्या तेलाचे) दोन-तीन थेंब, कापडावर घेऊन, आतल्या खरखरीत बाजूनं. दुसऱ्या दिवसापर्यंत थांबा, मग लागलंच तर आणखी. कोरलेल्या अंगाला नको. तेलानं कातडं काळवंडतं आणि मऊ पडून उठावाच्या कडा बसतात. बसलेली कड पुन्हा उठत नाही.

बक्कल आणि कड्यांभोवती हिरवं साचलंय. भांडी बाजारात पॉलिश करून घेऊ का?
– वाचक, पंचवटी

भांड्यांसाठी जा, यासाठी नको. पितळेतलं तांबं आणि कातड्यातली चरबी यांचा तो मेणासारखा साबण आहे. लाकडी टूथपिकनं खरवडा, कोरड्या कापसानं पुसा, झालं. चिंच-लिंबाचं आम्ल कातड्यात उतरतं, आणि पितांबरीची पूड टाक्यांत व नक्षीत बसली की पांढरी रेघ कायमची राहते. घासायचंच असेल तर बक्कलखाली पातळ प्लास्टिक सरकवून फक्त धातू घासा. दर वर्षी पुन्हा हिरवं येत असेल तर तेल जास्त झालंय असं समजा.

पट्ट्याचं कडं जिथे शिवलंय तिथले टाके उसवलेत. कोपऱ्यावरच्या चांभारदादांकडे देऊ का?
– वाचक, इंदिरानगर

खुशाल द्या, हात त्यांचाच बसलेला असतो. पण पुढे बसून चार गोष्टी आधीच सांगा. जुन्या भोकांतूनच शिवायचं, आरीनं नवं भोक पाडायचं नाही. भोकांची रांग वाढली की कातडं तिकिटासारखं तिथेच फाटतं. दोन सुया, एकच दोरा, प्रत्येक भोकातून दोन्ही बाजूंनी. असा एक टाका तुटला तरी बाकीचे धरून राहतात. दोरा मेण लावलेला लिननचा, साधारण ०.८ मिमी, शिवणीच्या चौपट लांबीचा घ्या. नायलॉन नको, तो सुकलेल्या कातड्याला कापत जातो. आणि दोरा ओढायचा तो शिवणीच्या पातळीत, वर उचलून नाही.

लोखंडी चूक किंवा रिव्हेट मारू देऊ नका. सालीनं कमावलेल्या कातड्यातलं टॅनिन आणि लोखंड दमट हवेत भेटले की शाईसारखा काळा डाग पडतो, तो निघत नाही. पितळी किंवा तांब्याचे रिव्हेट चालतात. रबर सोल्यूशनचा थेंबही नक्षीवर पडू नये. पट्टाच बदलावा लागला तर क्रोम लेदर न घेता सालीनं कमावलेलं साडेतीन-चार मिमी जाडीचं घ्या. कानपूरला खोगीर-लगामांसाठी तसंच वापरतात. जुना पट्टा फेकू नका, केससोबत ठेवा. विकताना त्याची विचारणा होते.

घरात एकसंध क्यूची लांब जुनी पेटी आहे, आतून पत्रा, वर कातडं. हात लावला की लालसर भुकटी लागते. देवळालीच्या इंग्रज अधिकाऱ्याची म्हणतात. किंमत असेल?
– वाचक, देवळाली कॅम्प

ती भुकटी म्हणजे कातडं आतून आम्लानं खचल्याची खूण. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या आणि विसाव्याच्या सुरुवातीच्या कातड्यात हे सर्रास आढळतं; हवेतल्या सल्फर डायऑक्साइडनं होतं. पूर्ववत होत नाही, फक्त भुकटी झडणं थांबवता येतं. पाणी अजिबात लावू नका, लागेल तिथे कातडं काळं आणि कडक होईल. तेलाचाही उपयोग नाही. १०० मिली बिनपाण्याच्या आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये २ ग्रॅम हायड्रॉक्सीप्रोपिल सेल्युलोज (सुटलेलं कातडं बांधून धरणारी पूड) ढवळत ढवळत टाका आणि रात्रभर फुगू द्या. मऊ ब्रशनं पातळ हात द्या, आधी तळाच्या कोपऱ्यात. वाळल्यावर बोटाला भुकटी लागत असेल तर दुसरा हात. खोलीच्या खिडक्या उघड्या, गॅस बंद.

किमतीचं म्हणाल तर बरोज अँड वॉट्स, थर्स्टन किंवा रायली अशा विलायती कंपनीची पट्टी, मूळ कुलूप आणि आतल्या गाद्या शाबूत आहेत का, हे पाहा. देवळालीत तोफखान्याची छावणी होती, म्हणून अशा पेट्या या भागात निघणं स्वाभाविक आहे. पण ‘अधिकाऱ्याची’ या शब्दाला कागदाशिवाय एक रुपयाही जास्त मिळत नाही. पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स १९५८ आणि १९६४ साली बिलियर्ड्सचे जागतिक हौशी विजेते झाले. त्यांची म्हणूनही पेट्या दाखवल्या जातात. पावती, पत्र किंवा त्या पेटीसह काढलेला फोटो मागा.

अमेरिकेहून मगरीच्या कातड्याची पट्टी असलेली केस मागवतोय. अडचण येईल?
– वाचक, कॉलेज रोड

येईल. मगर, अजगर, घोरपडीसारखे सरडे, हत्ती यांचं कातडं ‘साइट्स’ या वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराखाली येतं, आणि १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनं आपल्या १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यातही साइट्सच्या यादीतल्या प्रजाती आल्या आहेत. केस कितीही जुनी असली तरी परवान्याशिवाय पार्सल सीमाशुल्कात जप्त होऊ शकतं. गाईच्या कातड्यावर मगरीची नक्षी दाबलेली असेल तर विक्रेत्याकडून तसं लेखी घ्या आणि बिलावरही लिहून घ्या. सोबत क्यू येत असेल तर तिच्यात हस्तिदंत नाही, हेही त्याच बिलावर हवं.