आठवा लागला? मग लंगोटांच्या मागे लाग

अगं, विकतचे लंगोट डझनावारी आणू नकोस. आईची किंवा सासूबाईंची धुऊन धुऊन मऊ झालेली सुती नऊवारी माग; तिच्यातून ढीगभर लंगोट आणि दुपटी निघतात. पंचवीस-तीस तरी हवेतच. पहिल्या आठवड्यानंतर बाळ दिवसातून सहा-आठ वेळा शू करतं, आणि पावसाळ्यात दोरीवरचं काही वाळत नाही. नवं-जुनं सगळं आधी धुऊन उन्हात कडक वाळव. झबली पुढून बंद बांधायची घे. डोक्यावरून घालायच्या कपड्यात ती डुगडुगणारी मान सांभाळताना नवख्या हातांना घाम फुटतो. नाळ पडेपर्यंत लंगोट बेंबीच्या खाली बांध. नाळेवर हळद, तेल, पावडर काही नको. कोरडी राहिली की आपसूक पडते.

टोपडी, मेणकापड, दोन पंचे, बस्स. पाळण्याचं बारशापर्यंत बघता येईल. मोहरीची उशी कुणी दिलीच तर कपाटात ठेव. बाळाला सपाट गादीवर उताणंच झोपवायचं.

काजळाची डबी आणि मध मात्र यादीतून काढ, घरात वाद झाला तरी चालेल. मध तर वर्षभर नाहीच. दुधाची बाटलीही आधीपासून नको. अंगावर पाजताना अडलं तर दवाखान्यातल्या सिस्टरना हाक मार. पिशवीत फाईल सगळ्यात वर ठेव, बीसीजी, पोलिओ, हिपॅटायटिस बी या जन्मानंतरच्या लसींच्या नोंदीही त्यातच जातील. आणि पिशवी कुठे आहे ते नवऱ्याला आत्ताच दाखव, नाहीतर ऐन वेळी कपाटं उपसत बसेल.