लेबलला हात लावू नकोस

गंगापूर रोड, नाशिक

पोरी, अनेक आशीर्वाद.

"लेबलवर 'बॉम्बे' आहे, एक्सेलमध्ये 'मुंबई' करून टाकलं तर चालेल ना, सर?" असं संग्रहातल्या जुन्या, टाचणीला लावलेल्या गांधीलमाश्यांच्या लेबलांची नोंद करताना विचारलंस. नाही चालणार. 'नासिक' दिसलं तर तेही 'नासिक'च टाइप करायचं, मग रविवार कारंजावर कुणाची अस्मिता दुखावली तरी बेहत्तर. लेबलवर जे आहे ते, जसं आहे तसं, चुकांसकट.

जुन्या मुंबई इलाख्यात अहमदाबाद होतं, धारवाड होतं, आपलं नाशिक होतं आणि १९३६ पर्यंत सिंधही होता. तेव्हाच्या साहेबाने नुसतं 'बॉम्बे' लिहिलं, तर माशी कुलाब्याची असेल किंवा कराचीची. तू 'मुंबई' केलंस की ती कायमची मुंबईकर झाली. उद्या कोणी नकाशावर ठिपका मारणार, त्यावरून आणखी कोणी पेपर लिहिणार. तुझा अंदाज शेजारच्या रकान्यात लिही, तुझ्या नावानिशी, तारखेनिशी. मूळ रकान्याला हात लावायचा नाही.

टाइपच्या, म्हणजे जिच्यावर जातीचं नाव टेकलेलं असतं त्या नमुना-माशीच्या बाबतीत तर मुळीच नाही. १९९९ नंतरच्या नव्या जातीला टाइप स्पष्टपणे नेमावाच लागतो, प्राण्यांच्या नामकरणाची नियमावलीच तसं सांगते. जुन्यांचं तसं नव्हतं. पीटर कॅमेरॉन (१८४७–१९१२) यांनी हिंदुस्थानातल्या कितीतरी गांधीलमाश्यांची वर्णनं केली, त्यातली काही इतकी त्रोटक की वाचून जात ओळखू येत नाही. होलोटाइप, म्हणजे एकच ठरवलेला टाइप, नेमलेला नसेल आणि लेखकासमोर चार माश्या असतील, तर चारही सिनटाइप, म्हणजे सामायिक टाइप. पुढे त्यातली एक लेक्टोटाइप, म्हणजे मागाहून ठरवलेला एकमेव टाइप, म्हणून निवडायची, तर ती खरोखर त्याच लेखकाच्या डोळ्यांखालून गेली होती हे कोण सांगणार? माशी सांगत नाही. टाचणीवरचा चिटोरा सांगतो: त्यावरचं अक्षर, शाई, मागचा पेन्सिलीतला आकडा. म्हणून मागची बाजूही बघायची, लेबलांचा वरून खाली क्रम नोंदायचा, आणि ओळ जिथे संपते तिथे तिरकी रेघ द्यायची. हे सगळं मी तुला आधीही सांगितलंय.

तू पाठवलेल्या फोटोतल्या त्या कुंभारणीचं, म्हणजे मातीचं घर करणाऱ्या गांधीलमाशीचं, पोट निखळलंय. सुतासारखी कंबर, तुटायचीच. पेटीच्या तळाशी सापडलेलं पोट 'हिचंच असणार' म्हणून चिकटवून मोकळी होऊ नकोस. एकीचं डोकं दुसरीच्या धडावर, अशा माश्या जुन्या संग्रहांत निघतात. खात्री असेल तरच जिलेटिनच्या कॅप्सूलमध्ये घालून त्याच टाचणीला लाव. नसेल तर वेगळी कॅप्सूल, आणि पेटीच्या कुठल्या कोपऱ्यात मिळालं त्याची चिठ्ठी. टाचणीखाली तपकिरी भुगा दिसला तर मात्र पेटी ताबडतोब बाजूला काढ, आत अळी आहे.

एका ठिकाणी, नाव सांगत नाही, वरच्यांना पेट्या 'एकसारख्या' हव्या होत्या. जुनी लेबलं उतरवून एका मापाची छापील लावली. मी आडवा आलो तर मला हेकट म्हणाले. उतरवलेली पाकिटात जपून ठेवली म्हणे! कोणतं कुठल्या टाचणीचं, हे आता ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही. हेकट तर हेकट. माझ्या नावावर एकही नवी जात नाही, बरोबरीच्यांच्या नावावर रांगा आहेत. वाईट वाटतं, नाही म्हणत नाही. 'जन्मभर कारकुनी केली' म्हणतात. केली. त्यांच्या जाती तपासायला लोक माझीच रजिस्टरं उघडतात, हेही जरा म्हणावं. असो, भरकटलो.

आई म्हणते, मेलेल्या माश्या मोजायला एमएस्सी केलंस का. मामाच्या दिंडोरीच्या बागेत गांधीलमाश्या पिकल्या घडांवर बसल्या की हेच लोक विचारतील, ही कोणती? ज्या नावाने उत्तर देशील ते नाव शेवटी कुठल्यातरी पेटीतल्या एका टाचणीवर टेकलेलं असतं. हे आईला सांग, किंवा नको सांगूस. जेवत मात्र जा वेळेवर. गाईड रोजच्या नोंदींचा आकडा मागतात ना? कमी दे. ओरडा खा.

ते न लागणारं तिसऱ्या ओळीतलं अक्षर अंदाजाने भरू नकोस. टॉर्च बाजूने तिरका धरून फोटो काढ, पेन्सिल उठून दिसते. दोन्ही बाजू मला पाठव. तोवर चौकोनी कंसात 'वाचता येत नाही' असं लिही आणि पुढच्या टाचणीकडे वळ.

— सर